गोशाळेतला नैवेद्य आणि इतर प्रश्न

गोशाळा चालवणारे आणि दोन-चार जनावरं पाळणारे, दोघांकडूनही दर आठवड्याला तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र देतो.

प्रश्न : भाकड गाईला दिवसाला पाणी किती लागतं?

साधारण 50 ते 60 लिटर, उन्हाळ्यात जास्त. मोजून पाजू नका, हौद भरलेला ठेवा.

प्रश्न : सोडवून आणलेली जनावरं लगेच कळपात सोडावीत का?

नाही. किमान तीन आठवडे वेगळी बांधा. तपासणी, लसीकरण पशुवैद्यकाकडून करून घ्या.

प्रश्न : अमावास्येला, पितृपक्षात लोक गाईंसाठी पोळ्या, भात, पुरण आणतात. श्रद्धेने आणलेल्याला नाही कसं म्हणावं? थोडं दिलं तर काय बिघडतं?

बिघडतं. पन्नास जणांचं थोडं थोडं मिळून एकाच गाईच्या पोटात पाटीभर जातं, कारण फाटकाजवळ उभी राहणारी गाय रोज तीच असते. तिचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, चारा आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर चालतं. पोळी, भात, गूळ एकदम पडले की झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल साचतं, एरवी 6 ते 7 असणारा पोटातला सामू (pH) साडेपाचच्याही खाली जातो आणि चारा पचवणारे सूक्ष्मजीवच मरतात. रवंथ थांबते, आंबूस वासाची हगवण लागते, जनावर दात खातं, बसलं की उठत नाही. वाचलंच तर पुढे खुरं दुखून लंगडतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांसाठी मला येणारे फोनही याचेच असतात. ‘खाण्याचा सोडा पाजला की उतरतं’ हे ऐकीव आहे. सोडा उपचारात वापरतात, पण किती आणि कसा हे जनावर तपासूनच ठरतं. आडव्या पडलेल्या गाईच्या घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. शिवाय अन्न पिशवीसकट गिळलं जातं. गाईचं पोट फाडून किलोकिलोने प्लॅस्टिक मी माझ्या हातांनी काढलं आहे. दात्याला परत पाठवू नका. फाटकावर वैरणीच्या पेंढ्या ठेवा, त्याने विकत घ्याव्यात आणि स्वतःच्या हाताने गाईला घालाव्यात. तरीही कुणी चारून गेलं आणि गाईने रवंथ सोडली, तर सकाळची वाट पाहू नका. पशुवैद्यकाला किंवा 1962 या जनावरांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : दुकानदार शेळ्यांना दर महिन्याला जंतनाशक पाजायला सांगतो.

त्याला बाटल्या खपवायच्या आहेत. आधी दवाखान्यात लेंड्या तपासून घ्या. तेच औषध वारंवार पाजलं की जंत त्याला दाद देत नाहीत. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल तर मुळीच नको, पिलात व्यंग येऊ शकतं.

प्रश्न : म्हाताऱ्या गाईचे सांधे दुखतात. मेडिकलमधलं डायक्लोफिनॅक टोचलं तर?

जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम चालतं, मात्रा पशुवैद्यकाला ठरवू द्या.

प्रश्न : गाय लाळ गाळते, गिळत नाही, आवाज बदललाय. घशात काही अडकलं म्हणून हात घालून पाहिला.

हात साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि आत्ताच सरकारी रुग्णालयात जा. हा रेबीज असू शकतो. गाय वेगळी बांधा, तिच्या तोंडाजवळ कुणाला जाऊ देऊ नका, पशुवैद्यकाला बोलवा. तिचं कच्चं दूध घरात कुणी प्यायलं असेल, तर त्यालाही सोबत न्या.