लेकीच्या उशीखाली 'असलं' पुस्तक सापडलं, काढून घेऊ का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे, इंग्लिश मीडियम. हल्ली सारखं दार लावून बसते, काही विचारलं की "काही नाही", एवढंच. मागच्या महिन्यात न सांगता केस बारीक कापून आली, त्यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं. परवा चादर बदलताना उशीखाली 'स्पीक' नावाची कादंबरी सापडली, लॉरी हॅल्स अँडरसनची. मैत्रिणीने दिलीये म्हणे. चाळली तर बलात्कार, तास बुडवणं, स्वतःचेच ओठ चावून सोलून काढणं, हेच सगळं. पोटात गोळाच आला. या वयात हे वाचायची काय गरज आहे? काढून घेऊ का? आणि खरं सांगू, भीती वेगळीच आहे, ही हेच का वाचतेय?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : काढून घेऊ नका. घेतलंत तर ती मोबाईलवर पीडीएफ शोधून वाचेल, आणि वर हेही कळेल की या विषयावर आईशी बोलायची सोय नाही. त्यापेक्षा तुम्हीच वाचा, पण चाळू नका, पहिल्या पानापासून वाचा. दोनशेच्या आसपास पानं आहेत, दोन दुपारी पुरतील. चाळलं की नेमकं नको तेच डोळ्यात भरतं.

गोष्ट न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरातली, पुस्तक १९९९चं. मेलिंडा नववीत जायच्या आधीच्या सुट्टीत एका पार्टीला जाते, तिथे वरच्या वर्गातला एक मुलगा तिच्यावर बलात्कार करतो. ती पोलिसांना फोन लावते पण तोंडातून शब्द फुटत नाही, पोलीस येतात, पार्टी उधळली जाते, आणि शाळा सुरू झाल्यावर सगळी पोरं तिच्यावर खार खाऊन, जिवलग मैत्रीणसुद्धा. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), तू फोन का केलास हे तिला कुणी विचारतच नाही. मग ती बोलणंच सोडते, तास बुडवते, सफाई कामगाराच्या जुन्या अडगळीच्या खोलीत जाऊन बसते, मार्क धडाधड घसरतात. घरी आईबाबा ओरडतात मार्कांवरून. वाईट नाहीयेत हो ती माणसं, कामात बुडालेली आहेत, घरात एकमेकांशी बोलणं चालतं ते किचनच्या ओट्यावर चिठ्ठ्या ठेवून. मला विचाराल तर त्या पुस्तकात बलात्काराच्या प्रसंगाइतकंच अंगावर येतं ते हे चिठ्ठ्यांचं. तिचे ओठ फुटलेले रोज दिसतात, आणि विषय निघतो तो ग्रेडचा.

आपल्याला ते बंड वाटतं, "वाया चाललीये पोरगी" वाटतं, आणि पुस्तक आतून दाखवतं की बंडबिंड काही नाही, तिला सांगता येत नाहीये. एक प्रसंग तर मला फार आवडतो. शाळेतल्या मुलींच्या बाथरूमच्या भिंतीवर मेलिंडा लिहिते, कुठल्या मुलांपासून लांब राहायचं, आणि खाली त्या मुलाचं नाव टाकते. काही दिवसांनी बघते तर त्याखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या पेनांनी, बऱ्याच मुलींनी लिहिलेलं असतं, हो, हा तसलाच आहे म्हणून. शाळेची भिंत खराब केली, शिस्तभंगच की तो. पण आपण एकटीच नाही हे तिला पहिल्यांदा तिथे कळतं. शेवट सांगत नाही, तुम्हीच वाचा.

आणि 'घाणेरडं' म्हणाल तर, बलात्काराचं वर्णन थोडक्यात, तुटक आठवणीसारखं येतं, चवीचवीने केलेलं अजिबात नाही. २०१०मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या एका प्राध्यापकाने पेपरात लेख लिहून याला सॉफ्ट पॉर्न ठरवलं होतं, तेव्हा हे पुस्तक वाचून पहिल्यांदा तोंड उघडलेल्या कितीतरी बायकांनी जाहीरपणे उत्तरं दिली. २०२३मध्ये लेखिकेला अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार मिळाला, बालसाहित्यातला जगात मोठा मानतात तो.

आता तुमची भीती. नुसतं पुस्तक वाचतेय म्हणून तिच्यावर काही ओढवलंय असं धरून चालू नका, पोरी एकमेकींच्या हातून घेऊन वाचतात. पण "आपल्याकडे असलं होत नाही" हेही मनातून काढून टाका. २००७मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने १३ राज्यांतली १२,४४७ मुलं घेऊन पाहणी केली होती, त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. करणारे पुष्कळदा ओळखीतलेच.

समोर बसवून "तुला कुणी काही केलंय का" अशी उलटतपासणी मात्र करू नका. स्कूटरवरून क्लासला सोडताना सहज म्हणा, "मी पण वाचलं ते, मला तिच्या आईबाबांचाच राग आला." एवढं बोलून थांबा. ती त्या दिवशी काही बोलणार नाही कदाचित, चालेल. आणि बाबांना सांगा, केसांचा विषय बंद.

काही निघालंच तर "तू तिथे गेलीसच कशाला" आणि "कुणाला सांगू नकोस" ही दोन वाक्यं चुकूनही नकोत. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर दिवसरात्र फोन लागतो. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, आणि पोरीचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, त्यामुळे चौकीत तासन्‌तास बसावं लागेल या धास्तीने गप्प राहू नका.

प्रश्न : माझ्या बहिणीने हेच पुस्तक वाचायला सांगितलंय. मी अकरावीत आहे. पण हे मुलींचं पुस्तक आहे ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही रे बाबा. लेखिकेनेच सांगितलंय की शाळांमधून फिरताना मुलगे तिला एक प्रश्न परत परत विचारतात, मेलिंडाला एवढं वाईट का वाटतं, त्यात एवढं काय झालं? हे ऐकून ती हादरली होती. वर ज्या सरकारी पाहणीबद्दल लिहिलंय ना, त्यात त्रास झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. तेव्हा वाच, आणि बहिणीला तेवढं विचार, तिने तुलाच का सुचवलं ते.