सर्व्हिस फोर व्हील ड्राइव्ह मेसेज: ट्रान्सफर केस बदलायच्या आधी अर्थिंग बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. २००४ ची शेव्हरले सिल्व्हराडो पिकअप, डॅशवर सर्व्हिस फोर व्हील ड्राइव्ह असा मेसेज, बटणांचे दिवे कोरड्या दिवशी लागतात आणि बर्फ वितळून रस्ता ओला झाला की गायब, आणि गॅरेजवाला म्हणतोय ट्रान्सफर केसच, म्हणजे गिअरबॉक्समागचा पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबाच, बदला. अगदी हेच दुखणं आमच्या गाडीला होतं, मॉडेलही त्याच पिढीचं, आणि आम्हीही मिशिगनमध्येच.

आधी सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही, व्यवसाय वेगळा आहे. गाडीखाली न जाता निदान करतोय, त्यामुळे तुमच्याकडे काहीतरी वेगळंही निघू शकतं. पण ओल्यात येणारी आणि कोरड्यात जाणारी तक्रार गिअरची किंवा क्लचची नसते हो, ती बहुतेक वेळा वायरिंगची असते. लोखंडाचा गिअर हवामान बघून बिघडत नाही.

फ्यूज, बॅटरी वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही. मुद्द्याचं एकच, पार्ट विकत घ्यायच्या आधी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचून घ्या, आणि तो फोर व्हील ड्राइव्हच्या मॉड्यूलमधून, म्हणजे ती यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधून, वाचून घ्या. साधे स्वस्तातले स्कॅनर फक्त पी ने सुरू होणारे इंजिनचे कोड दाखवतात. आपल्याला हवेत ते सी आणि बी वाले, म्हणजे चेसिस आणि बॉडीचे. त्यामुळे पार्टच्या दुकानात फुकट स्कॅन करून ‘काही कोड नाही’ म्हणाले तर त्यावर अजिबात विसंबू नका. सी०३२७ आला तर ट्रान्सफर केसवरच्या शिफ्ट मोटरच्या (बटण दाबल्यावर टू व्हील, फोर व्हील बदलणारी मोटर) एन्कोडर सर्किटची, म्हणजे ती मोटर कुठल्या स्थितीत आहे ते कळवणाऱ्या सर्किटची तक्रार आहे. सर्किट म्हणतोय मी, मोटर नाही. त्यात मोटरमागचा पोझिशन सेन्सर, कनेक्टर, मधली वायर, सगळंच आलं. आणि स्कॅनर मॉड्यूलशी बोलतच नसेल तर आधी त्या मॉड्यूलला करंट आणि अर्थ (करंट परत बॅटरीकडे नेणारी, फ्रेमला जोडलेली वायर) नीट मिळतोय का ते बघायचं, मॉड्यूल बदलायचं नाही.

आता आमचं काय झालं ते. एका गॅरेजमध्ये गाडी टाकली, नाव लिहीत नाही, पण चांगलं चकाचक, कॉफी वगैरे देणारं. त्यांनी कोड बघितला आणि सरळ मोटर बदलली. दोन आठवडे चाललं, कारण दोन आठवडे पाऊस नव्हता! मग पुन्हा मेसेज. मग म्हणाले मॉड्यूल गेलंय, ते बदललं, वर प्रोग्रॅमिंगचे पैसे वेगळे. परत तेच. मग म्हणाले आतून ट्रान्सफर केसच खराब असणार, रीबिल्ट (जुनी दुरुस्त करून नवी केलेली) टाका, आणि एस्टिमेट दोन हजार डॉलरच्या वर. या सगळ्यात एकदाही कोणी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर हातात घेतला नाही. मी विचारलं की व्होल्टेज तपासलंत का, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला की कोडच सांगतोय ना. अजूनही ते आठवलं की डोकं तापतं. कोड कुठे शोधायचं ते सांगतो, काय विकत आणायचं ते सांगत नाही, आणि रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसावं?

शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्यांनी अर्ध्या तासात पकडलं. ड्रायव्हरच्या दाराखाली फ्रेमला अर्थच्या वायरी बोल्टने जोडलेल्या असतात. वरून वायर धडधाकट, इन्सुलेशनला चीर पण नाही. त्यांनी ती बोटाने वाकवली तर आत मऊ लागली, कापली तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी, आणि धरून राहिलेले दोनतीन धागे. रस्त्यावरच्या मिठाचं पाणी टर्मिनलमधून आत शोषलं जातं आणि वायर आतून खातं. ओहम मीटर लावला तर हे दोन धागेसुद्धा शून्य दाखवतात, सगळं ठीक वाटतं. मोटर फिरायला लागून करंट मागते तेव्हा त्यांचं पितळ उघडं पडतं.

म्हणून टेस्ट अशी करा: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी अर्थच्या वायरच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे मोटर किंवा मॉड्यूलच्या बाजूला, आणि घरातल्या कोणालातरी टू हाय, फोर हाय (दोन चाकं, चार चाकं) अशी बटणं आलटून पालटून दाबायला सांगा. आकडा ०.१, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. त्याच्यावर गेला तर अर्थ खराब. हीच टेस्ट पॉझिटिव्हच्या बाजूनेही करता येते. नवीन टर्मिनल दाबून घट्ट बसवा (क्रिम्प), फ्रेम घासून धातू उघडा करा, वर पाणी अडवणारं डायलेक्ट्रिक ग्रीस आणि हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. पुढच्या ॲक्सलवर पॅसेंजरच्या बाजूला पुढची चाकं जोडणारा जो ॲक्च्युएटर आहे त्याचा कनेक्टरही उघडून बघा, तिथेही पाणी शिरतं.

किल्ली ऑन केल्यावर सगळ्या बटणांचे दिवे क्षणभर लागून मग एकच राहतो का तेही बघा. कधीच लागत नसतील तर स्विचही संशयित आहे, या गाड्यांत तो जातो, आणि तो डॅशवरून सहज निघतो, स्वस्तही आहे.

एक मात्र कळकळीने सांगतो. मोटर खोललीत किंवा ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली तर गिअर पार्कमध्ये असूनही गाडी घरंगळते. पार्क फक्त गिअरबॉक्स अडवतो, त्याच्या पुढे केसच सुटलेली असते. पार्किंग ब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. उताराच्या ड्राइव्हवेवर तर हे काम करूच नका.

तुमच्याकडे ऑटो फोर व्हीलचं बटण आहे ना, मग केसमध्ये ऑटो ट्रॅक टू हेच फ्लुइड लागतं, निळं असतं, साधारण दोन लिटर बसतं. आमच्या त्या गॅरेजवाल्यांनी लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, भरलं होतं, ते नंतर कळलं. ऑटोचा क्लच त्या फ्लुइडवर चालतो, त्यामुळे यात तडजोड नको. आणि तुमचा गॅरेजवाला केस खराब म्हणतोय त्यात एका बाबतीत तथ्य असू शकतं: या केसमध्ये आतला पंप घासून मागच्या भागाला वरच्या बाजूला बारीक भोक पडतं. ते वर असल्यामुळे उभ्या गाडीखाली थेंब दिसत नाही, चालताना मात्र फ्लुइड उडून जातं. तेव्हा लेव्हल प्लग उघडून पातळी बघाच. मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला तेलकट थर असेल तर त्यांचं म्हणणं खरं धरा. पुढचे मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे किंवा झिजेचे असतील तर ऑटोमध्ये चालवू नका, तो क्लच सतत घासतो.

पैशांचं. मिशिगनमध्ये लेखी एस्टिमेट आणि काढलेले जुने पार्ट मागायचा कायद्याने हक्क आहे. कोअर म्हणून, म्हणजे नव्या पार्टच्या बदल्यात कंपनीला, परत पाठवायचे असतील तर निदान दाखवायला तरी हवेत. काम सुरू व्हायच्या आधीच सांगा की जुने पार्ट हवेत, आणि डायग्नोसिसमध्ये कोड कुठला आला आणि व्होल्टेज ड्रॉप (वर सांगितलेल्या टेस्टमधला आकडा) किती आला ते बिलावर लिहून मागा. जो हे लिहून द्यायला कां कूं करतो त्याच्याकडे रीबिल्ट केस टाकू नका, हे माझं ठाम मत आहे, बाकी कुणाला पटो न पटो.

शनिवारी वेळ मिळाला तर आधी दाराखालची अर्थ बघा, आणि कोड काय आला ते इथेच लिहा. एबीएसचा दिवाही अधूनमधून लागत असेल तर तेही सांगा, कारण या गाड्यांत एबीएसची अर्थही त्याच बाजूला फ्रेमवर गंजते आणि मग दोन तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी सापडू शकतं.