वाचक विचारतात : ट्रेकला न्यायचा पहिला डीएसएलआर

प्रश्न : महिन्यातून दोनदा सह्याद्रीत भटकंती होते. राजगड, तोरणा, पावसाळा सरताना कास. मोबाइलच्या फोटोंवर समाधान होत नाही, म्हणून डीएसएलआर घ्यायचा आहे. सगळं मिळून ४० हजार रुपये आहेत. निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी या दोघांत अडकलो आहे. दुकानदार म्हणतात, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, कुठलाही घ्या. मित्र म्हणतात, डीएसएलआरचा जमाना गेला. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉनने एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही आणि डी३५००चं उत्पादनही थांबलं आहे. पण म्हणूनच लोक आपापले डीएसएलआर विकून मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळताहेत आणि चांगल्या बॉडी (लेन्सविना कॅमेरे), चांगल्या लेन्स वापरलेल्या मालात येताहेत. तुमच्या रकमेत मिररलेसची बॉडी आणि एक लेन्स जेमतेम बसेल. डीएसएलआरमध्ये लांब पल्ल्याची दुसरी लेन्सही बसवता येते. उघड्यावर आणखी एक फायदा : व्ह्यूफाइंडरमध्ये आरशातून खरं दृश्य दिसतं, त्यामुळे भर उन्हातही डोळा लावला की काम होतं आणि नुसतं बघत बसण्यात बॅटरी जळत नाही.

मेगापिक्सेल सारखे असले तरी कॅमेरे सारखे नाहीत. डी३५००चं वजन बॅटरी-कार्डासह ४१५ ग्रॅम, फोकस बिंदू ११, वेग सेकंदाला ५ फोटो आणि प्रमाणित चाचणीत एका चार्जिंगवर १,५५० फोटो. १५००डीचं वजन ४७५ ग्रॅम, बिंदू ९, वेग ३ आणि फोटो ५००. पद्मावती माचीवर दोन रात्री काढायच्या असतील तर शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. दोघांच्याही व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमचा ९५ टक्केच भाग दिसतो. फोटोच्या कडेला नंतर कुणाची तरी सॅक किंवा हात डोकावतो तो यामुळेच, त्यात तुमची चूक नसते.

डी३५००ची एक मेख ठाऊक असू द्या. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेल्या लेन्सच त्यावर आपोआप फोकस होतात. कुणी स्वस्तात जुनी ‘एएफ-डी’ ५० एमएम देऊ केली तर ती बसेल, पण फोकसची रिंग हातानेच फिरवावी लागेल. कॅननमध्ये ही भानगड नाही, कारण तिथे मोटर लेन्समध्येच असते. उलट बाजूने, डी३२०० किंवा डी५१००सारख्या जुन्या निकॉन बॉडीवर ‘एएफ-पी’ लेन्स फोकसच करत नाही. बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेणारे नेमके इथे फसतात.

ट्रेक हाच मुख्य नाद असेल तर आमचं मत डी३५००ला. सोबत १८-५५ एमएमची एएफ-पी व्हीआर (हाताची थरथर सावरणारी) लेन्स घेतली की गळ्यात साधारण ६२० ग्रॅम येतात. मात्र कासला रानफुलांसमोर तास तास रमणार असाल तर कॅनन २००डी मार्क २ बघा. त्याचा पडदा बाहेर काढून वर वळवता येतो आणि पडद्यावर बघूनही फोकस झटपट लागतो, त्यामुळे चिखलात लोळावं लागत नाही. निकॉन डी५६००चा पडदाही वळतो, पण पडद्यावरून फोकस लावताना तो रेंगाळतो. कॅनन ३०००डी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. लेन्स बसवायची कडी प्लॅस्टिकची आहे आणि चष्म्याच्या नंबरानुसार व्ह्यूफाइंडर जुळवायचं चाकही नाही.

बॉडीवर २० ते २२ हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्यातले चार-पाच हजार कार्ड, पाऊस-कव्हर आणि बॅगेसाठी राखा. बाकी सगळं लेन्सवर. ३२ जीबीची दोन कार्डं एका ६४ जीबीपेक्षा बरी, कारण एक बिघडलं तरी अर्धी सहल हाती राहते.

प्रश्न : दुकानात यूव्ही फिल्टर गळ्यात मारला जातो. घ्यावा का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : डिजिटल सेन्सरसमोर यूव्ही अडवणारा थर आधीच असतो, त्यामुळे फोटोत फरक पडत नाही. स्वस्त काचेमुळे उन्हाकडे तोंड केलं की डाग मात्र दिसतात. आघातापासून लेन्सच्या तोंडावर बसणारं हूड जास्त वाचवतं. पैसे घालायचेच असतील तर सर्क्युलर पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची चकाकी तो कापतो आणि सूर्याशी काटकोनातलं आकाश गडद करतो. बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ‘लिनिअर’ घेऊ नका, त्याने डीएसएलआरचा फोकस आणि उजेडाचं मोजमाप गडबडतं. आधी लेन्सवरचा आकडा वाचा : निकॉनच्या १८-५५ एएफ-पीला ५५ एमएमचा फिल्टर लागतो, कॅननच्या १८-५५ला ५८चा.

प्रश्न : रविवारी कवडीपाटला जाते, हिवाळ्यात भिगवणला. १८-५५ने शेकाट्यासारखा पाणपक्षी म्हणजे नुसता ठिपका येतो. १५०-६०० घ्यावी का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : एवढ्यात नको. १५०-६०० जवळजवळ दोन किलोंची असते. छोट्या बॉडीवर तिचा तोल समोर जातो आणि अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. निकॉन असेल तर ७०-३०० एएफ-पी डीएक्स व्हीआर, कॅनन असेल तर ५५-२५० आयएस एसटीएम (आयएस म्हणजे कॅननचं व्हीआर). दोन्ही ४०० ग्रॅमच्या आसपास. निकॉनची ही लेन्स व्हीआरसह आणि व्हीआरविना अशा दोन प्रकारांत येते आणि दिसायला दोन्ही सारख्याच. नावात ‘व्हीआर’ ही अक्षरं आहेत ना, ते खोक्यावर नव्हे, लेन्सवर वाचा.

मात्र व्हीआरने तुमचा हात स्थिर होतो, पक्षी नाही. ३०० एमएमवर शटरचा वेग बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० आणि उडणाऱ्यासाठी १/१६०० ते १/२००० सेकंद ठेवा. या लेन्सचं तोंड लांब टोकाला एफ/५.६ किंवा एफ/६.३एवढंच उघडतं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), त्यामुळे सकाळी सातला एवढा वेग मिळवायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ते १६०० लागणारच. त्याला घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. हलत्या पक्ष्यावर सतत फोकस धरणारा मोड ठेवा : निकॉनवर ‘एएफ-सी’, कॅननवर ‘एआय सर्व्हो’. बिंदू फक्त मधला.

पांढऱ्या पक्ष्यांचे फोटो हमखास बिघडतात. गडद पाण्यावर छोटा बगळा असेल तर कॅमेरा पाणी बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या गोळ्यात विरघळतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ द्या. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा फ्रेम भरून असेल तर उलटं होतं, पक्षी राखाडी येतात. तिथे अधिक ०.३ ते ०.७. होडीत ट्रायपॉड नेऊ नका. इंजिनची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. कोपर अंगाला टेकवा आणि नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा. पक्षीही त्यामुळे कमी बिचकतात.

प्रश्न : तोरण्यावरून झुंजार माचीचा फोटो जवळचं गवत आणि लांबचे डोंगर दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून एफ/२२ वर काढला, तरी सगळंच मऊ आलं. लेन्स खराब आहे का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : लेन्स ठीक असावी. छिद्र फार लहान झालं की प्रकाशाचं विवर्तन होतं आणि अशा सेन्सरवर एफ/११च्या पुढे तपशील पुसट होऊ लागतात. १८ एमएम, एफ/८ ठेवा आणि दोन मीटरवरच्या दगडावर फोकस करा. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येईल. ट्रायपॉड लावला असेल तर व्हीआर बंद करा. वारा असेल तर मधला दांडा वर ओढू नका. त्याच्या आकड्याला सॅक टांगा.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा घेताना काय बघावं? — एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : आधी बिल. त्यावरचा सिरीयल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळला नाही तर पुढचं काही बघू नका. मग माल दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नव्हे, बाहेर उजेडात आणा. लेन्समध्ये मागून टॉर्च मारा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती लेन्स फुकट मिळाली तरी नको.

निकॉनचा शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंची संख्या) ताज्या जेपीईजी फोटोच्या माहितीतच असतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो तसा सापडत नाही, सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. डी३५००चं शटर एक लाख फोटोंसाठी चाचणी केलेलं असतं. तीस हजारांपर्यंतचा कॅमेरा निर्धास्त घ्यावा. आता एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून पडद्यावर मोठा करा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती निघते, पण तेवढा भाव तोडा. डी३४०० आणि डी३५००मध्ये सेन्सर झटकणारी यंत्रणाच नाही, तेव्हा तिथे ठिपके अपेक्षितच आहेत.

लोक विसरतात ती चाचणी फोकसची. तीच वस्तू, तेच अंतर, लेन्स पूर्ण उघडी : एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक पडद्यावरून. पडद्यावरचा स्पष्ट आणि दुसरा दर वेळी मऊ असेल तर फोकस पुढे-मागे सरकलेला आहे. नवशिक्यांसाठीच्या स्वस्त मॉडेलांत तो मेनूतून दुरुस्त करता येत नाही. सोडून द्या.

प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवावा? तांदळाच्या डब्यात ठेवतात, ते बरोबर का? — एक वाचक, कात्रज

उत्तर : तांदळाची पूड बटणांच्या फटींत जाते, म्हणून नको. कपड्यांचं कपाट आणि कॅमेऱ्याची फोमवाली बॅग त्याहून वाईट. दोन्ही दमटपणा धरून ठेवतात. रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर असावा. ३०च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका.

ताम्हिणीत जाताना गाडीचा एसी पोचण्याच्या अर्धा तास आधी बंद करा. थंड काच दमट हवेत आली की धूसर होते. तसं झालंच तर पुसत बसू नका, लेन्स तर मुळीच काढू नका, नाहीतर तीच वाफ आरशावर आणि सेन्सरसमोरच्या काचेवर बसते. बॅगेची चेन थोडी उघडून वीस मिनिटं थांबा.