दिवाळं निघतं, दिवाळखोरीत कुणी निघत नाही

एका वाचकाने विचारलंय: "'एसएनके ही जपानी व्हिडिओ गेम कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली' असं वाचलं. पण त्या नावाची कंपनी आजही खेळ काढते. मग दिवाळखोरीत निघणं म्हणजे नेमकं काय? आणि 'दिवाळं वाजलं' हे बरोबर का?"

आधी ते 'दिवाळखोरीत निघाली' पुसून टाका. बातम्यांत रोज ऐकतो आणि रोज चहा कडू होतो. निघाली ती कुठे निघाली? पंढरपूरला? दिवाळं निघतं, माणूस दिवाळखोर ठरतो, दिवाळखोरी जाहीर होते. दोन वाक्प्रचारांची ही खिचडी कुणी शिजवली ते ठाऊक नाही, पण आता ती सगळ्यांच्या ताटात आहे. 'खोर' म्हणजे फारसीतला खाणारा, लाचखोरातला आणि हरामखोरातला. त्यात वेळ घालवत नाही.

मौज आहे ती 'दिवाळं' या शब्दात. १८०८ साली मुंबईत रॉबर्ट ड्रमंड नावाच्या डॉक्टरांचं गुजराती, मराठी आणि इंग्रजीच्या व्याकरणावर एक पुस्तक छापलं गेलं. त्यात त्यांनी एक चाल नोंदवली आहे. व्यापारी बुडाला किंवा बुडायला आला, की तो घरात, दुकानात किंवा पेढीवर एक मोठा दिवा पेटवून ठेवायचा आणि तिथून नाहीसा व्हायचा. हिशेब उघड होऊन किंवा मालमत्तेची वाटणी होऊन सावकारांचं समाधान होईपर्यंत तो परत येत नसे. गल्लीत शिरणाऱ्याला दिवा दिसला की कळायचं, इथे आता पैसे मागण्यात अर्थ नाही. या दिव्यावरून दिवाळं. पुढे १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने हाच उतारा घेतला, पण 'व्युत्पत्ती वादग्रस्त आहे' असा सावध शेरा मारून. कोशकार असेच. अंगणात दिवा दिसत असताना काडेपेटी शोधतात.

दुसरा पक्ष सांगतो, शब्द गुजरातीतून आला. तिकडे देवाळुं म्हणतात आणि देवुं म्हणजे कर्ज. दिसायला सुबक आहे. पण मग मराठीने आपल्या 'देण्या'वरून 'देणाळं' का नाही केलं? शिवाय हिंदीत याच अर्थी 'टाट उलटना' म्हणतात. दुकानात बसायचं तरट उलटं करून टाकणं, ही तशीच, सगळ्या बाजाराला दिसेल अशी खूण. बुडणं जाहीर करायची पद्धत होती, तिचं नाव भाषेत राहिलं. इटालियनांनी सराफाचं बाक मोडलं, त्यातून बँकरप्ट आलं म्हणतात. जपानी लोक 'तोसान' म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षर कोसळण्याचं; किंवा 'हासान', त्यातलं पहिलं अक्षर फाटण्याचं. मोडणं, कोसळणं, फाटणं. दिवा लावणारे आपणच.

आणि आता माझा लाडका तर्क, कुठल्याही कोशात नसलेला. "काय दिवे लावलेस!" हे आपण घोटाळा करणाऱ्यालाच का म्हणतो? दिवा लावणं एरवी शुभ. सांजवात लावणाऱ्या सुनेला कुणी असं टोचत नाही. माझ्या मते हा टोमणा बाजारपेठेतून घरात आला. बापाची पेढी बुडवून भरदिवसा दिवा लावणारा पोरगा, त्याला उद्देशून. एका भाषातज्ज्ञांना हे सांगितलं तर ते हसले आणि 'ती नुसती उपरोधाची लकब आहे' म्हणाले. लकब कुठून आली, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तर एसएनके. शिन निहोन किकाकू, म्हणजे 'नवा जपान' नावाची नियोजन कंपनी. एइकिची कावासाकी यांनी १९७८ साली ओसाकात काढली. भरभराट झाली ती १९९० च्या निओ जिओ या खेळयंत्रामुळे. पार्लरवाल्याने एकच पेटी घ्यायची आणि आतली कॅसेट बदलली की खेळ नवा. मोठ्या पेटीत सहा-सहा कॅसेटी बसत. पार्लरवाल्याचा खर्च वाचला, कंपनीचा धंदा वाढला. पाठोपाठ फेटल फ्युरी, सामुराई शोडाउन, १९९४ पासून दरवर्षी किंग ऑफ फायटर्स. आमच्या शाळेच्या वाटेवरच्या पार्लरमध्ये मेटल स्लगच्या पेटीपुढे रांग असायची, आणि जपान कुठे आहे हे त्या रांगेतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

तेच यंत्र मग गळ्यात पडलं. प्लेस्टेशनने घराघरात त्रिमिती खेळ नेले तरी यांची मदार जुन्या सपाट चित्रांवर. १९९७ साली त्रिमितीसाठी हायपर निओ जिओ ६४ काढलं, त्यावर जेमतेम सात खेळ आले. हातात धरायचं यंत्र काढलं, तर समोर गेम बॉय. वर १९९९ मध्ये टोकियोत करमणुकीचं मोठं केंद्र उघडलं. २००० मध्ये अरुझे या जुगारयंत्रं बनवणाऱ्या कंपनीने एसएनके विकत घेतली. तिला नव्या खेळांपेक्षा एसएनकेची पात्रं आपल्या पाचिस्लॉट यंत्रांवर रंगवण्यात रस.

एप्रिल २००१ मध्ये एसएनकेने कोर्टात अर्ज केला तो 'मिन्जी साइसेइ'चा, म्हणजे कंपनी बंद न करता सावरायच्या कायदेशीर प्रक्रियेचा. साइसेइ म्हणजे पुन्हा जगणं. ते जमलं नाही आणि शरद ऋतूत हासान झालं. इथे ड्रमंडांचा व्यापारी आठवा. कावासाकी आधीच बाहेर पडले होते. त्यांच्याशी जोडलेल्या प्लेमोर नावाच्या नव्या कंपनीने जुन्या खेळांचे हक्क लिलावात उचलले, २००३ मध्ये एसएनके प्लेमोर हे नाव घेतलं आणि २०१६ मध्ये नुसतं एसएनके. कायद्याने पाहिलं तर दिवा लावलेलं दुकान बंदच झालं. जुना मालक शेजारच्या गाळ्यात तीच पाटी लावून बसला. आता तो गाळाही सौदी युवराजांच्या प्रतिष्ठानाच्या ताब्यात आहे.

म्हणून 'दिवाळं निघालं' म्हणजे 'मेली' असा अर्थ लावू नका. आणि सेगा या दुसऱ्या जपानी गेम कंपनीचंही २००१ मध्ये दिवाळं निघालं असं लिहिणाऱ्यांनो, नाही निघालं. तिने ड्रीमकास्ट हे आपलं यंत्र बंद केलं आणि घरगुती यंत्रांच्या धंद्यातून गाशा गुंडाळला. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड. ते गुंडाळणारा निघून जातो, बुडतोच असं नाही. पैसे नसणं याला आपल्याकडे 'नादारी' हा वेगळा शब्द आहे, जुन्या शाळांत गरीब मुलांची फी माफ व्हायची तीच नादारी. २०१६ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावात नादारी आणि दिवाळखोरी शेजारी-शेजारी बसल्या आहेत, तरी बातमीदार दोघींना एकाच नावाने हाक मारतात.

हो, 'वाजलं' राहिलंच. चालतं. दिवाळं निघतं तसं वाजतंही. दिवा वाजतो कसा, हे मात्र मला विचारू नका. तो माझ्या तर्काच्या विरुद्ध जाणारा पुरावा आहे.