तव्यावरचे वेल्श केक: वाचक विचारतात

गेल्या अंकात वेल्सच्या तव्यावरच्या केकची कृती दिली. त्यावर आलेली पत्रं बहुतेक बिघडलेल्या घाण्याचीच आहेत. ज्यांच्या हाती तो अंक नाही त्यांच्यासाठी प्रमाण पुन्हा देतो: मैदा 225 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, लोणी 110 ग्रॅम, पिठीसाखर 85 ग्रॅम, बारीक काळे मनुके 60 ग्रॅम, किसलेलं जायफळ पाव चमचा, चिमूटभर मीठ, एक अंडं, आणि लागलंच तर चमचाभर दूध. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि जायफळ एकत्र चाळून त्यात लोणी चोळायचं, रव्यासारखं झालं की साखर-मनुके घालायचे आणि अंड्यात गोळा बांधायचा. मग लाटून 6 सेंटिमीटर तोंडाच्या वाटीने कापायचं आणि मंद तव्यावर दोन्हीकडून भाजायचं. एवढ्यात 18-20 होतात.

ताई, आमच्याकडे स्वयंपाक चुलीवर. बिडाच्या तव्यावर केले तर वरून काळे अन् आत कच्चं पीठ. तवा चुकला का?
— एक वाचक, आर्वी

तवा अगदी बरोबर आहे. वेल्समध्येही जाड, सपाट बिडाचाच तवा वापरतात. या केकचं तिथलं नाव ‘पिकाय आर अ माईन’, म्हणजे दगडावरचे केक. बिडाच्या आधी तापवलेली दगडी फरशी असे.

चुकला तो ताप. भाकरी टाकण्याआधी आपण तव्यावर पाणी शिंपडतो आणि थेंब नाचले की तवा झाला म्हणतो. त्या तापावर या पिठातली साखर मिनिटभरात करपते आणि आतपर्यंत आच पोचतच नाही. इथे पाण्याऐवजी चिमूटभर मैदा टाकून बघा. लगेच धूर निघाला तर तवा उतरवा. अर्ध्या-पाऊण मिनिटात हळूहळू बदामी झाला तर केक टाका.

चुलीत पऱ्हाट्या किंवा तुराट्या असतील तर हे जमणं कठीण, कारण त्यांचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो. बाभळीचं लाकूड जाळून निखारे होऊ द्या, ते पसरवा आणि तवा त्यावर दहा मिनिटं ठेवा. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की ताप धरून ठेवतं. म्हणून दुसऱ्या घाण्याच्या वेळी थोडे निखारे बाजूला ओढावे लागतात. हे राहून जातं, आणि मग पहिला घाणा छान पण दुसरा काळा असं होतं.

तव्याला तुपाचं बोट फिरवून फडक्याने पुसून घ्या. तूप साचलं तर केक तळले जातात. एका बाजूला साधारण 3 ते 4 मिनिटं. कड फिकटच राहते आणि दाबली तर थोडी लवचिक लागते, त्याला कच्चं समजू नका. सराट्याने एकदाच उलटा. वर आलेला मनुका तव्याला टेकला की करपून कडू होतो, म्हणून लाटल्यावर बोटाने आत दाबा.

माझे दगडासारखे कडक झाले. पीठ चांगलं मळलं होतं.
— एक वाचक, दारव्हा

तेच नडलं. ही पोळीची कणीक नव्हे. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. गोळा जेमतेम जुळला की हात काढा, भेगा दिसल्या तरी चालतील. जाडीही बघा: करंगळीच्या निम्मी, म्हणजे 7 मिलिमीटरच्या आसपास. त्याहून पातळ लाटले तर बिस्किटं होतात.

लोण्याऐवजी घरचं तूप चालेल का? मे महिन्यात तर ते पाणीच असतं.
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी

चालेल, पण गोठलेलं हवं. घट्ट स्निग्ध पदार्थाचे कण पिठात सुटे राहतात, तव्यावर वितळतात आणि तिथे पोकळी राहून केक खुसखुशीत होतो. तूप पातळ असलं तर पीठ ते सगळं आधीच पिऊन घेतं. केक पसरतो आणि तेलकट लागतो. लोण्यात पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं, म्हणून 110 ऐवजी 90 ग्रॅम तूप घ्या आणि दूध एक चमचा वाढवा. फ्रीज नसेल तर मे महिन्यात हा बेतच करू नका. दिवाळीनंतर करा, तेव्हा तूप आपोआप रवाळ असतं. घरचं लोणी घेणार असाल तर ताक पूर्ण निघेपर्यंत धुऊन पिळा.

घरात अंडं चालत नाही. अन् बारीक मनुके मिळत नाहीत.
— एक वाचक, तुमसर

अंड्याऐवजी तीन मोठे चमचे दूध, पण एकेक चमचा घालत. केक जरा ठिसूळ होतील. सराटा पूर्ण खाली सरकवून उलटा. मोठे मनुके बिया काढून चिरा. भिजवू नका, पीठ चिकट होतं. थोडी चारोळी घातली तर ती वेल्सची चव नाही, पण आम्हाला आवडली.

किती दिवस टिकतात?
— एक वाचक, वरोरा

तव्यावरून काढताच साखर भुरभुरा, गार झाल्यावर ती चिकटत नाही. पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने मऊ पडतात. हिवाळ्यात तीन-चार दिवस चांगले राहतात. वेल्सचे खाणकामगार डब्यात हेच नेत, म्हणजे शेतावर न्यायलाही हरकत नाही.