दुसऱ्या देशाच्या संसदेला, पक्षांना, संस्थांना मदत करून तिथली लोकशाही खरंच मजबूत होते का?

होते, पण नुसती इमारत बांधून नाही होत. काबूलचं संसद भवन आपल्या भारतानं बांधून दिलं, डिसेंबर 2015 मध्ये उद्घाटन झालं आणि ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान आलं, इमारत राहिली पण संसद गेली, लई वाईट वाटलं तेव्हा.

माणसं तयार करण्यावर घातलेला पैसा जास्त टिकतो असं माझं मत. ब्रिटनचं वेस्टमिन्स्टर फाउंडेशन 1992 पासून खासदार, पक्ष, संस्थांसोबत हेच काम करतंय, आणि आपला निवडणूक आयोगपण दिल्लीत बाहेरच्या देशांतल्या अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देतो.

आमच्या परभणीकडचंच बघा ना, पंचायतींसाठीची 73 वी घटनादुरुस्ती आली, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, पुढं महाराष्ट्रात त्या 50 टक्के झाल्या, तरी आमच्या गावात ग्रामसभेचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरायचं, सभा व्हायचीच नाही. मग एका संस्थेनं बचत गटाच्या बायकांना दोन दिवस बसवून ठराव कसा वाचायचा, कोरम म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी काय ते शिकवलं. पुढच्या वेळी रजिस्टर दारात आलं तर माझी चुलती म्हणली, "आधी वाचून दाखवा भाऊसाहेब, मग सही." त्या महिन्यात सभा मारुतीच्या पारावर भरली, पाण्याच्या टाकीचा हिशोब सगळ्यांसमोर निघाला.