ओ-रिंगची खाच: रुंदी का विसरू नये

प्रश्न: तेलपंपाच्या सपाट झाकणात ३.५३ मिमी जाडीची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) आहे. ती बसते ती खाच २.८ मिमी खोल आणि ३.६ मिमी रुंद आहे. पंप तापून थंड झाला की गळती सुरू होते. रिंग आणखी दाबावी का? (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर: दाबू नका. आताच ती सुमारे २१ टक्के दाबली जाते आणि स्थिर जोडाला १५ ते ३० टक्के दाब साधारणपणे योग्य मानतात. चूक रुंदीत आहे. दाबलेले रबर आकार बदलते, पण त्याचे आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. तुमच्या रिंगच्या छेदाचे क्षेत्रफळ ९.८ चौरस मिमी आहे आणि खाचेच्या छेदाचे १०.१, म्हणजे खाच ९७ टक्के भरलेली आहे. तापल्यावर रबर पोलादाच्या दहापट किंवा त्याहून अधिक प्रसरण पावते, शिवाय तेलात थोडे फुगते. या वाढीला जागा न मिळाल्यास ते झाकणावर रेटा देते, फटीत घुसते आणि थंड झाल्यावर चपटेच राहते. खोली तशीच ठेवून रुंदी ४.८ मिमी करा. भरण ७३ टक्क्यांवर येईल. ८५ टक्क्यांपलीकडे मी जाणार नाही. आपल्याकडे खोलीला काटेकोर टॉलरन्स (मापातील मान्य फरक) देतात आणि रुंदी मात्र हाती असलेल्या टूलवर सोडतात, हे दुर्दैव आहे.

प्रश्न: २०० बारच्या सिलिंडरच्या स्थिर ग्लँडमधील (टोकाच्या झाकणातील) ७० शोअर (रबराच्या कठीणपणाचे माप) नायट्राइल रबराच्या रिंगची एकच कड कुरतडल्यासारखी होते. (रबाळे)

उत्तर: दाबामुळे रबर पलीकडच्या फटीत ढकलले जात आहे. ७० शोअरचे रबर बॅकअप रिंगशिवाय (रबराला फटीत जाऊ न देणारी कडक आधार-कडी) सुमारे १०० बारपुढे वापरू नये. ९० शोअर घेतले तरी फट लहान हवीच, कारण दाबाखाली सिलिंडर किंचित फुगतो आणि ती फट आणखी वाढते. टेफ्लॉनची बॅकअप रिंग कमी दाबाच्या बाजूला बसवा. दाब दोन्हीकडून येत असेल तर दोन लागतील. तिच्या जाडीइतकी खाच आणखी रुंद केली नाही, तर वागळे इस्टेटच्या वाचकांची अडचण तुमच्याकडे येईल.

प्रश्न: व्हॅक्यूमच्या फ्लँजमध्ये (बोल्टने जोडायच्या सपाट कडेत) रिंग खाचेच्या कोणत्या भिंतीला टेकवावी? (महापे)

उत्तर: आतल्या. बाहेरची हवा तिला आतच ढकलते. दाब आतून असेल तर बाहेरच्या भिंतीला टेकवा. आतल्या भिंतीवर बसवताना रिंग ५ टक्क्यांपेक्षा जास्त ताणू नका.